कळव्याहून लोकल कॉल

मंडळी, गेले दोन शनिवार दांडी झाली. एक ऑफिसने खाल्ला, एक झोपेने. आज मात्र सकाळीच चहा घेऊन बसलोय, कारण विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. काळी स्क्रीन. म्हणजे ती कमांड लाइन हो, जी उघडी दिसली की आमच्या मातोश्री अजूनही विचारतात, "बिघडला का रे?"

सुरुवात माझ्याच पराक्रमाने करतो. २०२२ सालची गोष्ट. इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. ऑफिस ऐरोलीला (नाव कशाला, पगार अजून तिथूनच येतो). जुन्या फाइली रात्री आपोआप साफ व्हाव्यात म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली. लिहिली म्हणजे काय, चार ठिकाणचे तुकडे उचलून चिकटवले. कुठलं फोल्डर साफ करायचं त्याचं नाव एका व्हेरिएबलमध्ये होतं, आणि ते नाव ज्या फाइलीतून यायचं ती फाइल नेमकी त्या रात्री जागेवर नव्हती. व्हेरिएबल रिकामं राहिलं. शेलला रिकाम्याचं काही वाटत नाही. तो रिकाम्या जागी रिकामं भरतो आणि पुढे चालू लागतो. उरलं काय, तर 'आरएम -आरएफ', तिरकी रेघ आणि चांदणी. ज्यांना कळलं त्यांच्या अंगावर काटा आला असेल. बाकीच्यांसाठी अर्थ असा : या मशीनवर हात पोचेल तेवढं सगळं पुसून टाक, आणि मला विचारत बसू नकोस.

(स्वतःची समजूत काढायला नंतर शोधलं, तर अगदी याच जातीची चूक २०१५ च्या जानेवारीत स्टीम या गेमवाल्या सॉफ्टवेअरच्या लिनक्स स्क्रिप्टमध्ये सापडली होती. लोकांच्या घरच्या फाइली उडाल्या होत्या. थोडं बरं वाटलं. फार नाही.)

चार दिवसांचे रिपोर्ट गेले. ते परत आले काकांमुळे. काका म्हणजे नात्यातले नव्हेत. टीममधले सगळ्यात सीनियर, पन्नाशीला टेकलेले, डोंबिवलीकर. त्यांनी कधीकाळी लिहिलेली बॅकअपची एक स्क्रिप्ट कुणालाही न सांगता रोज रात्री इमानदारीत चालत होती. दुपारपर्यंत सगळं परत आणून ठेवलं आणि मला म्हणाले, "माउस दे इकडे." मला वाटलं गंमत करतायत. त्यांनी खरंच माउस काढून ड्रॉवरमध्ये टाकला आणि कुलूप लावलं. महिनाभर.

त्या महिन्यात एकदा जेवताना मी विचारलं, "काका, तुम्ही हे सगळं कुठे शिकलात?" मला वाटलं आयआयटी वगैरे काही तरी ऐकायला मिळेल. तर म्हणाले, "कळव्याला."

मी जन्माने कळवेकर. कळव्याबद्दल लोक मला फार तर विचारतात की पारसिकचा बोगदा तिथेच ना, किंवा कारशेड तिथेच ना, आणि स्लो लोकलला बसायला जागा मिळते का (नाही मिळत). कळव्याला कुणी काही शिकायला आलं होतं हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो!

तर आता थोडं मागे जाऊ. १५ ऑगस्ट १९९५. विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, सामान्य माणसाला इंटरनेट विकायला सुरुवात केली ती या दिवशी. माझ्या जन्माच्या आधी. त्यात खात्यांचे प्रकार होते. चित्रंबित्रं दिसणारं, टीसीपी/आयपी नावाचं खातं हे पैसेवाल्यांचं काम. विद्यार्थ्यांसाठी मात्र ५०० रुपयांचं स्वस्त खातं होतं, ते 'शेल अकाउंट'. त्यात चित्र नाही, रंग नाही, माउसचा उपयोग नाही. मोडेमने फोन लावायचा, तो किंचाळून झाला की पलीकडे व्हीएसएनएलचं युनिक्स मशीन भेटायचं आणि तुमच्या पडद्यावर नुसती अक्षरं यायची. मेल वाचायला पाइन, वेब वाचायला लिंक्स, फाइली आणायला एफटीपी. पत्त्यामागे 'जीआयएएसबीएम०१' असलं शेपूट लागायचं. त्यातलं 'बीएम' म्हणजे बॉम्बे.

कॉलेजातल्या काकांनी ते खातं घेतलं, पण राहायचे डोंबिवलीला. आता गंमत बघा. डोंबिवली-कल्याणचा कोड ०२५१ आणि मुंबईचा ०२२. म्हणजे डोंबिवलीहून व्हीएसएनएलला लावलेला फोन हा लोकल कॉल नव्हेच. कळवा मात्र ठाणे महापालिकेत, आणि ठाणे महापालिका एमटीएनएलच्या हद्दीत. कळव्याहून मुंबई लोकल! काकांचे मामा कळव्याला राहायचे आणि त्यांच्याकडे फोन होता (तेव्हा फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, त्यामुळे फोनवाले मामा ही चीज होती). शुक्रवारी रात्री काका पाठीला मोडेम अडकवून कळव्याला उतरायचे, मामींच्या हातचं जेवायचे, आणि घर झोपलं की मामेभावाच्या कॉम्प्युटरला तार जोडायचे. पहाटेपर्यंत.

दोन टेलिफोन खात्यांची सीमा खाडीच्या या अंगाला पडली म्हणून एक माणूस कमांड लाइन शिकला, असं म्हटलं तर फार झालं का? थोडं झालं. पण फार नाही.

आता अक्षरंच का, याचा हिशेब मांडू. ९६०० बिट प्रति सेकंदाचा मोडेम. सुरुवात-शेवटाचे बिट धरून एका अक्षराला १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळींचा पडदा म्हणजे १९२० अक्षरं, दोन सेकंदांत भरला. तेच १०० केबीचं एखादं चित्र आणायचं तर पावणेदोन मिनिटं, आणि तीही लाइन तुटली नाही तर. तासांचा कोटा ठरलेला, शिवाय फोनचं मीटर मामांच्या बिलावर. अशा वेळी माणूस आपोआप शिकतो की आधी सगळं आणून मग शोधायचं नाही. तिकडेच शोधायचं आणि हवी तेवढी ओळ आणायची. 'ग्रेप' ही कमांड मला कॉलेजात पाच मार्कांचा प्रश्न म्हणून भेटली. काकांना ती मामांचं फोनचं बिल वाचवायला भेटली. फरक पडतोच ना राव.

आणि हा काटकसरीचा स्वभाव युनिक्सला जन्मापासून आहे. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ते उभं केलं तेव्हा कमांड टाइप करायला टेलिटाइप होता. आपल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत टेलिप्रिंटर खडखडायचे त्याच जातीचं यंत्र. सेकंदाला १० अक्षरं कागदावर छापणारं. वरच्या हिशेबाने एक पडदाभर मजकुराला तीन मिनिटांहून जास्त. कॉपीला 'सीपी', मूव्हला 'एमव्ही', लिस्टला 'एलएस' ही दोन अक्षरी नावं त्यातून आली. हौस म्हणून नव्हे, हात दुखायचे म्हणून. नंतर थॉम्पसनना विचारलं होतं की युनिक्स पुन्हा लिहिलंत तर काय बदलाल, तर म्हणाले की 'क्रिएट'च्या स्पेलिंगमधला गाळलेला शेवटचा 'ई' परत लावीन. मला हे उत्तर जबरी आवडतं.

काकांच्या शिकण्यातही पायऱ्या होत्या, आणि मला त्या त्यांनी त्याच क्रमाने चढायला लावल्या. पहिले आठ दिवस नुसतं हिंडायचं. कुठे आहोत, इथे काय आहे, ही फाइल कुणाची, ती वाचायची परवानगी कुणाला. दुसऱ्या आठवड्यात पाइप. उभी रेघ. एका कमांडच्या तोंडातून निघालेलं दुसरीच्या तोंडात. ही कल्पना डग मॅकइलरॉय यांनी १९६४ मध्येच कागदावर मांडली होती, बागेतल्या पाण्याच्या नळीला जसा पुढचा तुकडा जोडतो तसे प्रोग्राम जोडता यावेत म्हणून. प्रत्यक्षात आली १९७३ मध्ये. थॉम्पसननी एका रात्रीत ती युनिक्समध्ये घातली. १९८६ साली एका मासिकातल्या सदरासाठी डोनाल्ड नूथ यांनी मजकुरातले सर्वाधिक वेळा येणारे शब्द मोजणारा कित्येक पानांचा देखणा प्रोग्राम लिहिला, आणि त्याच्या परीक्षणात मॅकइलरॉयनी तेच काम सहा कमांडच्या एका पाइपात करून दाखवलं. नूथ म्हणजे आमच्या क्षेत्रातले साक्षात भीष्माचार्य, त्यामुळे हा किस्सा सांगताना काकांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

तिसरा आठवडा स्क्रिप्टचा. आता इथे मी एक कबुली देतो. माझी समजूत होती की स्क्रिप्ट म्हणजे कमांडची यादी. काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ही कमांड फसली तर पुढची काय करेल?" मी म्हणालो, "थांबेल ना." "नाही थांबत." शेल थांबत नाही, तुम्ही थांब म्हणाल्याशिवाय. ती एक ओळ, 'सेट -ई', आणि तिची बहीण 'सेट -यू' (म्हणजे किंमतच न दिलेलं व्हेरिएबल दिसलं की तिथेच बोंब मार), एवढ्या दोन ओळी माझ्या स्क्रिप्टच्या डोक्यावर असत्या तर माउस माझ्या टेबलावरच राहिला असता. चौथ्या आठवड्यात ऑक, सेड, क्रॉन. आणि शेवटी एकच काम, माझीच ती खुनी स्क्रिप्ट पुन्हा लिहायची.

पण काकांची पिढी पहिली नव्हे. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स खातं आणि संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपीच्या मदतीने अर्नेट सुरू झालं. पाच आयआयटी, बंगळूरचं आयआयएससी, दिल्लीचं इलेक्ट्रॉनिक्स खातं आणि आपल्या जुहूचं एनसीएसटी, अशा आठ ठिकाणांना जोडणारं जाळं. एनसीएसटी म्हणजे टीआयएफआरमधून निघालेली, श्रीनिवासन रमणी यांच्या हाताखाली वाढलेली संस्था. जुहू आणि पवई यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ईमेल धावू लागली ती याच सुमारास. रमणींचं नाव २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये गेलं. एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालं. जुहूला सी-डॅकच्या रस्त्यावरून जाताना तिथे पाटीशिवाय काही दिसत नाही, आणि आपल्याला कुणी सांगितलेलंही नसतं. असो.

पुस्तकांचं काय? इथे नागपूरचा मान. यशवंत कानेटकर. व्हीजेटीआयचे इंजिनिअर, मग आयआयटी कानपूर. 'लेट अस सी' सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांचं 'युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग'ही आहे आणि काकांची प्रत अजून त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे (माझ्या माउसशेजारीच होती). पानं सुटलेली, कव्हरला खाकी पुठ्ठा. आणि १९९६ पासून पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. हे प्रकरण मला त्या खात्याहूनही मोठं वाटतं. लाइनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेलं लिनक्स त्या मोडेमवरून उतरवायला किती रात्री लागल्या असत्या याचा वरच्या हिशेबाने तुम्हीच विचार करा. ते चक्क मासिकासोबत घरी! या उपक्रमामागे अतुल चिटणीस हे नाव होतं. बेळगावात इंजिनिअरिंग शिकलेला, पुढे बंगळूरला गेलेला माणूस. २०१३ मध्ये गेले.

इथपर्यंत ऐकून मी भारावून वगैरे गेलो होतो. 'काय दिवस होते ते' असं काही तरी बोललो असणार. त्यावर काका म्हणाले, "माझी बहीण माझ्याच कॉलेजला होती. मार्क माझ्यापेक्षा जास्त. तिला रात्री मोडेम घेऊन कळव्याला कोण पाठवणार होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या जगात शिरायला फोनवाला मामा लागायचा, कुणाच्या तरी घरी कॉम्प्युटर लागायचा, इंग्रजी लागायचं, आणि मुलगा असावं लागायचं. ताई पुढे एका सहकारी बँकेत लागल्या. तिथे शाखेत हिरव्या अक्षरांची टर्मिनल, मागच्या खोलीत एक युनिक्सचा डबा. वर्षअखेरीला तो अडकला की वेंडरचा माणूस येईपर्यंत सगळी शाखा हात जोडून बसायची. ताईंनी त्या माणसाच्या खांद्यावरून बघून बघून कमांड एका वहीत उतरवल्या, आणि तिसऱ्या वर्षी त्याला बोलवायचं बंद केलं. खातं नाही, पुस्तक नाही. काका सांगतात, त्या वहीत प्रत्येक कमांडपुढे मराठीत लिहिलंय की ही कधी मारायची आणि कधी अजिबात मारायची नाही. मॅन्युअलमध्ये यातलं दुसरं क्वचितच असतं.

मग हे सगळं गेलं कुठे? फार काही घडलं नाही, फक्त स्वस्ताई झाली. १९९८ च्या शेवटी खाजगी कंपन्यांना इंटरनेट विकायची परवानगी मिळाली, दर कोसळले, चित्रंवालं खातं सगळ्यांच्या आवाक्यात आलं. शेल अकाउंट कुणी मारलं नाही, त्याची गरज संपली. २००२ मध्ये व्हीएसएनएल टाटांकडे गेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात एमएस-सीआयटी सुरू झाली. गल्लोगल्ली सेंटर, लाखो लोक कॉम्प्युटर शिकले. आमच्या बाबांचंही सर्टिफिकेट आहे, फ्रेम करून. तिच्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. काकांची शाळा दहा जणांची होती, ही सगळ्या राज्याची. पण त्यात कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि विंडोज म्हणजे माउस हे घट्ट झालं, आणि माझ्यासारखे त्यातूनच वर आले. इंजिनिअरिंगला युनिक्सचं प्रॅक्टिकल होतं की! आदल्या वर्षीच्या जर्नलवरून आउटपुटसकट उतरवलं. एकाच्या आउटपुटमध्ये त्याच्या सीनियरचं लॉगिन तसंच राहिलं होतं, तरी सही मिळाली.

आणि मग चाक फिरलं. क्लाउड आला, २०१६ मध्ये ॲमेझॉनची डेटा सेंटरं मुंबईत आली, त्याच वर्षी खुद्द विंडोजच्या पोटात लिनक्सचं शेल आलं. भाड्याने घेतलेल्या दूरच्या मशीनला माउस नसतो, म्हणजे पुन्हा तीच काळी स्क्रीन. इतकंच काय, शेल अकाउंटमधूनच चोरवाटेने चित्रंवालं इंटरनेट काढायचा 'स्लर्प' नावाचा एक प्रोग्राम १९९५ साली आला होता. त्याचाच कोड आज क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये नांदतोय. गरिबाचा जुगाड मोठ्यांच्या घरात सून होऊन आलाय.

माउसबंदीच्या काळात रात्री घरी मला आधार मिळाला तो आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचा. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांचा प्रकल्प. दहा-दहा मिनिटांचे धडे, लिनक्स आणि बॅश दोन्हींचे, अगदी पहिल्या पायरीपासून वरपर्यंत, आणि चक्क मराठीत. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर टर्मिनल, त्यांनी केलं की आपण करायचं. "एंटर दाबा" असं कुणी तरी मराठीत शांतपणे सांगतंय, हे ऐकताना पहिल्या रात्री मी उगीचच हळवा झालो. ताईंच्या वहीनंतर पंचवीस वर्षांनी का होईना.

पण आवाज मराठी असला तरी खाली टर्मिनलला मराठीचं वावडं आहेच. एकदा सहज गावाचं नाव टाकून बघितलं. 'कळवा'. 'डब्ल्यूसी'ला बाइट विचारले तर १२, कारण युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. अक्षरं विचारली तर ४, कारण काना वेगळा मोजला जातो. मराठी शाळेतला पोर सांगेल की तीन. मग 'रेव्ह'ने उलटं केलं, तर काना सुटून सगळ्यात पुढे जाऊन उभा राहिला, टेकायला अक्षर नाही म्हणून ठिपक्यांच्या गोलाला टेकून. आणि हे तरी युनिकोडमुळे बरं. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइलीत 'ग्रेप'ने 'ठाणे' शोधून दाखवा. सापडणार नाही, कारण फाइलीत 'ठ' नसतोच, फाँटच्या घरातला कुठला तरी भलताच कोड असतो. किती कचेऱ्यांचा किती मजकूर असा पडून असेल!

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं की काका येत्या मार्चअखेर नोकरी सोडतायत. रत्नागिरीला घर बांधलंय. त्यांनी लिहिलेल्या दोनशेच्या वर स्क्रिप्ट अजून रोज रात्री चालतात, काही तर ऑफिस सीप्झला होतं तेव्हापासूनच्या. वरच्या मजल्यावरच्यांचं म्हणणं, सगळं नव्याने लिहू, टूल घेऊ. घेतील तेव्हा घेतील. तोवर दर शनिवारी सकाळी मी डोंबिवलीला त्यांच्याकडे जातो (कळव्याहून उलट्या दिशेने, त्यामुळे बसायला मिळतं), आणि आम्ही एकेक स्क्रिप्ट वाचतो. ते बोलतात, मी ताईंच्या वहीसारखं लिहून घेतो, ही काय करते, आणि हिला कधी हात लावायचा नाही. आतापर्यंत साठ झाल्या. हिशेब काही जुळत नाहीये.

मागच्या आठवड्यात १९९९ सालची एक निघाली. मधेच एक ओळ, दोन सेकंद नुसतं थांबायची, आणि तिच्यावर रोमन लिपीत पण मराठीत शेरा : 'ही ओळ काढू नये.' मी विचारलं, "काका, का?" ते बराच वेळ बघत बसले. चष्मा काढून पुसला, परत बघितलं. आतून काकूंनी पोहे झाल्याचं सांगितलं.

"काही आठवत नाही रे," म्हणाले. "पण लिहिलंय म्हणजे काही तरी झालं असणार."

ओळ आहे तशीच ठेवली.